पोटात पाणी असलेला दगड

झरीजवळच्या पाड्यावर विहीर खणताना काळ्या कातळात एक पोकळी लागली, आणि तिच्यात मधाच्या रंगाचे, सुईसारखे बारीक स्फटिक लखलखले. पाटी वाहणाऱ्या सुकीने त्यातले मूठभर घोलवडच्या जयश्रीसाठी जपून ठेवले. जयश्रीच्या बापाच्या वाडीत सुकीने वर्षानुवर्षं चिकू उतरवले होते. तिथली ती पोर आता दगडांचाच अभ्यास करते, हे सुकीला ठाऊक होतं.

जयश्रीने ते नेऊन तपासले, तेव्हा निघालं की असं खनिज जगात आजवर कुणी नोंदवलेलंच नाही. नाव सुचवायचा मान जयश्रीचा, आणि तिच्या मनात नाव एकच होतं. सुकीचं. पण जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्याचा होकार लागतो. तो घ्यायला ती पाड्यावर आली.

सुकीचा मुलगा लक्ष्या ऐकून पुटपुटला, आई आधीच कातळ, तिला आणखी दगड कशाला. कुणी हसलं नाही. सून रूपीने जयश्रीच्या हातात चहा दिला आणि हळूच सांगितलं, आमच्यात दगड मांडतात तो गेलेल्या माणसाच्या नावाने. जिवंतपणी मांडला तर त्याला वाटेला लावल्यासारखं होतं.

जयश्री ओशाळली. दुसरं नाव शोधू, म्हणाली.

सुकी जयश्रीने आणलेला स्फटिक तळहातावर फिरवत राहिली. मग तिने विचारलं, याचा गुण काय?

"याच्या पोटात पाणी आहे, सुकीबाय. तापला की सोडतो, निवला की परत धरतो."

सुकीचे डोळे भरून आले. तिला सासू आठवली, शुक्री. विहीर नव्हती तेव्हा भर उन्हाळ्यात नदीची वाळू उकरून, करवंटीने पाणी भरून तिने अख्ख्या पाड्याची तहान भागवली होती. ती गेली त्या साली पीक बुडालं होतं. दगड मांडायचा तर माणसं जेवू घालावी लागतात, म्हणून तिचा दगड मांडायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

"माझ्या सासूचं नाव दे, बाय. आमच्याने तिचा दगड झाला नाही. तू मांड."

नाव मंजूर झालं त्या दिवशी जयश्री एक स्फटिक घेऊन आली. तो विहिरीच्या काठावर पळसाच्या पानावर ठेवला. बायकांनी गाणं धरलं:

दगडाच्या पोटी पाणी, पाण्याच्या पोटी माया,
शुक्री माझी आली गं, पाड्यावर छाया.

सुकीने जयश्रीचे दोन्ही हात कपाळाला लावले. मग विहिरीतून कळशी ओढली, ओंजळ भरून स्फटिकावर सोडली आणि म्हणाली,

"घे आये. आधी तू पी."