खुर्चीसाठी सभात्याग

मोरेनिकेजीने चिठ्ठी उघडली आणि तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'कामगार संघटना.'

इबादानच्या विद्यापीठात औद्योगिक संबंध या विषयाच्या एम.ए.ची ती शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती: वर्गाचे दोन गट पाडून, चिठ्ठीत येईल त्या बाजूने लुटुपुटूची वाटाघाट करायची. आठवडाभर ती एका बिस्किटांच्या कारखान्यात कर्मचारी विभागाची अधिकारी म्हणून काम करायची आणि शनिवारी इथे शिकायला यायची. संघटनेला गोड बोलून वाटेला लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"मला व्यवस्थापन आलंय!" पलीकडच्या बाकावरून लासिसीबाबा ओरडले. हे त्याच कारखान्यातल्या संघटनेचे सेक्रेटरी, नातवंडंवाले, पण शनिवारी तिच्याच वर्गात शिकणारे. "म्हणजे आज मी तू होणार, पोरी!"

"चाळीस मिनिटं," परीक्षा घेणाऱ्या अजिबोला मॅडम म्हणाल्या. "मागणी संघटनेने ठरवायची."

 मोरेनिकेजीला आठवली ती बाबांनी तीनदा केलेली आणि तिने तीनदा उडवून लावलेली मागणी. पॅकिंगच्या बायकांना बसायला खुर्च्या. तीच तिने मांडली.

बाबांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, पेनाचं टोपण दोनदा काढलं, दोनदा लावलं. "आपल्या भावना आम्ही समजू शकतो. वरपर्यंत नक्की पोचवू."

वर्ग खदखदून हसला.

"मी असं बोलते?"

"शब्द न् शब्द, मॅडम," बाबा म्हणाले.

तिला भलताच चेव चढला. "भावना राहू द्या! बायकांचे पाय सुजलेत त्याचं बोला!"

"बसल्या की पेंगतात. कामाचा वेग घटतो."

"मग तुम्ही कसे बसलात? उठा!"

बाबा उठले. त्यांच्या मागे व्यवस्थापनाचा अख्खा गट उठला. संघटनेच्या गटातली पोरं बाकं बडवू लागली, कुणीतरी गाणं धरलं, आणि चर्चमध्येसुद्धा ओठ न हलवणारी मोरेनिकेजी नाचत नाचत सभात्याग करून थेट व्हरांड्यात पोचली. तिथे पायाला फरशी गार लागली. चपला बाकाखालीच राहिल्या होत्या!

ती अनवाणी परत आली तर चपला बाबांच्या हातात.

"अध्यक्षीणबाईंच्या चपला व्यवस्थापनाच्या ताब्यात आहेत. हव्या असतील तर चर्चेला बसा."

"बसायला खुर्ची देता का?"

अजिबोला मॅडमनी हसून ओले झालेले डोळे पुसत घड्याळ उलटं ठेवलं; आता मिनिटं मोजायची नव्हती.

मग बाबाच म्हणाले, "दोघींत एक खुर्ची. अर्ध्या अर्ध्या तासाने पाळी. तीन महिने करून बघू. पाकिटं कमी भरली तर खुर्च्या परत."

"हे आधी का नाही सुचवलंत?"

"आधी मी तुझ्या जागी कुठे होतो?"

दोघांनी सह्या ठोकल्या. बाहेर पडून पफ-पफचे गरम, तळलेले गोड गोळे खाताना त्यांना इतकं हसू येत होतं की घास गिळवेना.

सोमवारी मोरेनिकेजीने तोच मसुदा टाइप करून कारखान्याच्या साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला. "तीन महिनेच ना?" म्हणत सही केली.

पंधरवड्याने बारा खुर्च्या आल्या. पॅकिंगमधली सगळ्यात जुनी रिसिकत मावशी आधी टेकली, उठली, पुन्हा ऐसपैस बसली आणि पाळी संपली तरी उठेना. दुसरी तिला ओढतेय, तिसरी गुदगुल्या करतेय! दारात उभी राहून मोरेनिकेजी पोट धरून हसत होती आणि शेजारी लासिसीबाबा डोळे टिपत, चढ्या आवाजात पाकिटं मोजत होते.