धबधब्याजवळची बाई

सासूबाईंनी खापर गावाकडची पोरगी बघून ठेवली होती. लेकरू होत नाही म्हणून माझ्यावर सवत आणायची होती, आणि हे त्यांनी मला भाकरी थापताना सांगितलं, उद्या शेतात पाणी सोडायचंय असं सांगावं तसं. फक्त त्याआधी डोंगरातल्या धबधब्याच्या देवीला नारळ फोडून या म्हणाल्या. म्हणजे मागाहून लोकांनी म्हणायला नको की सुनेला एक संधीसुद्धा दिली नाही. लोकांची फार काळजी त्यांना!

आमचे मालक तिथंच जेवत होते. ते जेवतच राहिले. आईपुढे ते कधीच बोलत नसत. बैलांशी मात्र दिवसभर गप्पा चालायच्या. सवतीची भीती मला होतीच, पण त्याहून जीव जळायचा तो यांच्या गप्प बसण्यानं. या माणसाला मी हवी आहे की नको, एवढंसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

निघताना सासूबाईंनी लेकाला बजावलं, "रानमा कोनी नाव लिसन हाक मारी तरी ओ देऊ नको." पाण्याजवळची भुतीण माणसाला नावानं बोलावते आणि ओ दिली की घेऊन जाते, हे आमच्या ब्राह्मणपुरी गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

डोंगराच्या पायथ्यापर्यंत बैलगाडी होती. पुढे वाहरू सोबत आला. तो डोंगरातला, डिंक-चारोळी विकायला आमच्या अंगणात नेहमी यायचा. त्याच्या लोकांची रीत अशी, की या देवीपुढं नवसाचं जोडपंच जाणार, तिसरं माणूस नाही. म्हणून वाट फुटते तिथं तो मोहाखाली बसला, बिडी पेटवली आणि ओढ्याच्या कडेकडेनं जा म्हणाला. आता वाट म्हणायची तर म्हणा. वर्षाकाठी चार माणसं गेली तर गेली, ती वाट ती काय असणार! गवत डोक्याच्या वर, सागाची पानं पत्रावळीएवढी आणि पायाखाली शेवाळलेले धोंडे.

नवऱ्यानं पुढं चालायचं, बायकोनं मागं. ही रीत यांना फार आवडायची. नारळाची पिशवी घेऊन जे सुटले ते सुटलेच. मी पायातला काटा काढून वर बघते, तर माणूस गायब.

हाक मारायची तर कशी? बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. लेकुरवाळ्या बायका 'अमक्याना बाप' म्हणून वेळ निभावतात. माझ्याकडे अमका नव्हता, त्यासाठीच तर निघालो होतो. मी "ओ!" म्हटलं. माकडानं उत्तर दिलं. मग "आयकतस का?" म्हटलं. पुढं पाणी असं गर्जत होतं की माझं मलाच ऐकू येईना. एकदम मनात आलं, हे कड्यावरून घसरले तर नसतील? तसं झालं असेल तर नाव घेऊन आणखी काय घटणार होतं? मी पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "सुपडूऽऽ!"

पुढच्या खडकाआड पागोटं हललं. ओ नाही. मी धावत गेले, तर हे माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसलेले, डोळे गच्च मिटलेले, नारळ छातीशी आणि तोंडानं राम राम राम. लग्न झाल्यापासून मी सासरी कधी आवाज चढवला नव्हता. यांना तो ओळखू येणार कुठून? मला अस्सा राग आला! इकडं माझा जीव टांगणीला आणि हा बाप्या भुताला भिऊन बसलाय. खडसावणार, एवढ्यात हेच बोलले.

"माय, पाहिजे तं माले ली जा. मन्हामांगे मन्ही बायको यी ऱ्हायनी, तिले हात लावू नको."

माझं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मी खडकाच्या अलीकडंच थांबले आणि आवाज जाड केला.

"तू दुसरी बायको करशी का?"

नवऱ्याला जन्मात पहिल्यांदा तू म्हटलं. फार बरं वाटलं.

"मन्ही माय करी ऱ्हायनी," हे म्हणाले.

"मायले नही इचारं. तुले इचारं."

"माले नको."

"का?"

यांनी पुन्हा राम राम सुरू केलं, मला वाटलं भुतापुढंसुद्धा सासूबाई आडव्या आल्या. मग हळूच म्हणाले, "ती घरमा ऱ्हास तं माले घर वाटस."

इतक्या वर्षांत मला हे कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं कुणाला, तर भुताला! मला हुंदका फुटला. तो ऐकून यांनी रामनामाचा वेग वाढवला.

"घर जाईसन मायले सांग," मी नाक ओढत म्हटलं, "धबधबानी बाईनी सांगं, दुसरी बायको करू नको. नही तं मी घर येसू."

सासूबाई देवाला भीत नसत, पण भुताला भीत. माझं काम झालं होतं. मी मागं जाऊन डोळे पुसले आणि खोकत खोकत वाटेनं आले. हे उठले, धोतर झटकलं आणि मलाच म्हणाले, एवढा उशीर? काटा लागला होता, मी म्हणाले.

धबधबा चांगला होता. पाणी वरून खाली पडत होतं. नारळ फोडला. आलोच होतो, म्हणून लेकरूही मागून घेतलं.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. यांनी पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "माय, माले दुसरी बायको करनी नही."

सासूबाईंनी मान वर केली. "कोनी सांगं तुले?"

मी दाराआड उभी होते. आता फक्त भुताचं नाव घ्यायचं होतं. सासूबाई लगेच हात जोडणार, खापरकडं नकाराचा निरोप जाणार, सगळं कसं सोपं होतं. बोला की हो, मी मनात म्हणत होते.

यांनी तोंडावरचा घाम पुसला.

"कोनीच नही," ते म्हणाले. "मी सांगस."

सासूबाईंनी एकदा लेकाकडे बघितलं आणि उद्या खापरकडं नकार कळवायला सांगितलं. मग त्यांनी मला आत हाक मारली आणि याला आधी जेवायला वाढ म्हणाल्या.