एक पिंप मचूळ पाणी

धाकटीने सुताची पाचवी लडी पातेल्यातून वर काढली, पिळून उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला. पहिली लडी विटकरी झाली होती, दुसरी जांभळट, तिसरी नुसतीच मळकी. चौथीबद्दल न बोललेलंच बरं. ही पाचवी सरळसरळ गाजरी होती.

"बाबा, ह्या रंगाला काय म्हणायचं?"

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी लडी अगदी नाकाशी नेली. "ह्याला लाज म्हणायचं," ते म्हणाले, "झाकून ठेव."

सूत रंगवायचा कारखाना होता त्यांचा. कारखाना आपला म्हणण्यापुरता. पत्र्याची शेड, तीन चुली, चार मोठी पातेली, मागे विहीर आणि अंगणभर ताणलेल्या दोऱ्या. धाकटी तिथली मालकीण, कामगार आणि हमाल, सगळं एकटीच. थोरल्या जावेला घर सोडून बारा वर्षं झाली, तरी गल्ली हिला अजून धाकटीच म्हणायची. एकदा चिकटलेलं नाव आणि एकदा चढलेला रंग सहसा उतरत नाही.

आता घोडं अडलं होतं ते पाण्यापाशी. पाणी नव्हतं म्हणून नव्हे, पाणी चांगलं होतं म्हणून.

यंदाच्या आधीची दोन वर्षं पाऊस फिरकलाच नव्हता. विहीर तळाला गेली आणि उरलं ते पाणी मचूळ झालं. चहा बिघडला, डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. सगळ्या गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटीचे रंग बदलले, तशी एकेक करून गिऱ्हाइकंही गेली. नवरा दुसऱ्या गावी ट्रक चालवायला लागला. ही मात्र हटली नाही. पिवळ्या रंगाचं पाणी न फेकता त्यातच केशरी, केशरीच्या पाण्यात तपकिरी, त्याच पाण्यात शेवटी काळा, असं एकाच पाण्याला चार-चार वेळा राबवायला ती शिकली. त्याच मचूळ पाण्यात मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग असा काही उतरायला लागला, की बघत राहावं. दाट, गडद, सावलीत ठेवलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा.

तो लाल बघून मागवाल्या ताई हरखल्या. त्यांच्याकडे चार हातमाग होते आणि एका मोठ्या सभागृहाच्या पडद्यांचं काम मिळालं होतं. सगळं कापड एकाच रंगात हवं, हीच अट. अर्धं विणून झालं आणि पूर आला.

आधी दुष्काळ आणि वर हा पूर. माग वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. खालच्या खोलीतलं सूत चिखलात गेलं, ते कितीही धुतलं तरी मातकटच राहिलं. आता सहा किलो सूत नव्याने रंगवून हवं होतं, तेही जुन्या रंगाशी जुळणारं. आणि विहिरीत तर काठोकाठ गोड पाणी!

मीठ घालून झालं, चुना घालून झाला, सोडा झाला, राख झाली. तो लाल येईना. सगळ्यांत जास्त कशाने जळत होतं, तर जुनं पाणी तिच्याकडे होतं. उंच कट्ट्यावरच्या दोन टाक्यांत ते पुरातही शाबूत राहिलं होतं. पूर ओसरल्यावर पहिल्याच सकाळी तिने ते घळाघळा ओतून अंगणातला चिखल धुतला होता. वर हसत म्हणालीही होती, "गेली एकदाची पीडा!" कोणत्याही रंगारणीने पाणी ओतायच्या आधी विचार केला असता. हिने केला नाही, कारण दोन वर्षांनी पहिल्यांदाच तिला पाणी ओतण्याची चैन करता आली होती.

ताई स्पष्ट बोलणाऱ्या. "शनिवारपर्यंत थांबते," त्यांनी सांगितलं होतं. "नाही जमलं तर शहरातून तयार रंगीत सूत आणून सगळं पुन्हा विणेन. आणि मग पुढेही तिथूनच घेईन. तुला उगाच आशेवर ठेवत नाही." ताई म्हणजे उरलेलं एकमेव गिऱ्हाईक. त्या गेल्या की चुली विझल्या. नवरा रोज फोनवर तेच म्हणायचा, "बंद कर आता. बाबांना घे आणि इकडे ये. किती दिवस पालथ्या घड्यावर पाणी ओतणार?"

आज गुरुवार होता.

"कुणाकडे असेल का हो ते पाणी?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"इतकं वाईट पाणी कोण जपून ठेवणार?" ते म्हणाले, आणि मग दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, "पिंपवाले काका!"

काका गल्लीच्या टोकाला राहायचे. एकटे, कानाने अधू आणि स्वभावाने संशयी. दुष्काळात त्यांनी ह्याच विहिरीच्या पाण्याने बारा पिंपं भरून गच्चीवर ठेवली होती. लोक हसले. मग पूर आला, आणि हसणारी तीच वीस माणसं तीन दिवस त्यांच्या गच्चीवर बसली. चारही बाजूंना पाणी आणि पिण्याजोगं फक्त पिंपात. आता एकच पिंप भरलेलं उरलं होतं. काकांनी त्याच्या झाकणाला साखळी घातली होती.

"काका, पाणी हवं होतं," धाकटी गच्चीवर चढून म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग गच्चीवरून दिसणाऱ्या तुडुंब विहिरीकडे. "ऊन लागलंय का तुला?"

"ते नाही. तुमचं हवंय. वाईट पाणी."

"वाईट? वीस माणसं हे प्यायली. तेव्हा कुणी वाईट म्हटलं नाही."

"सगळेच म्हणत होते, काका. तुम्हाला ऐकू आलं नाही."

हे बोलायला नको होतं. काका फुगले. "हे शेवटचं आहे. उद्या पुन्हा विहीर आटली तर? कुणी येणार आहे का मला विचारायला?"

धाकटी मग तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. "विहीर आटली तेव्हा मी टिकले, काका. पूर आला, कमरेएवढ्या चिखलातून पातेली काढली, तेव्हाही टिकले. आता चांगलं पाणी आलंय आणि त्यानेच माझा धंदा बुडतोय. हे सांगितलं तर लोक मला वेडी म्हणतील."

हे सगळं काकांना नीट ऐकू आलं. माणसाला हवं ते ऐकू येतंच. ते बराच वेळ साखळीशी चाळा करत राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. "पण पिंप आजच्या आज भरून पाहिजे. रिकामं पिंप मला बघवत नाही."

बादल्यांनी नऊ खेपा झाल्या. त्याच जिन्यावरून मग गोड पाण्याच्या नऊ खेपा वर. शेडमध्ये सासऱ्यांनी ओंजळीतलं पाणी जिभेवर घेतलं, थुंकले आणि त्यांचा चेहरा उजळला. "तेच! तोच मेला खारटपणा!"

एक पिंप म्हणजे एकच डाव. चुकलं तर दुसरं पाणी नाही. तुरटीत भिजवलेलं सूत तयार होतं. मंजिष्ठेला उकळी चालत नाही, उकळी फुटली की लाल तपकिरी होतो. दोन तास धाकटी चुलीसमोर बसून लाकडं आत-बाहेर करत राहिली, काठीने लड्या फिरवत राहिली. काकाही येऊन बसले होते. "वाफ जातेय बघ वर," ते कळवळून म्हणाले. "झाकण ठेव. माझं पाणी चाललंय सगळं."

ओलं सूत नेहमीच गडद दिसतं. त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. शुक्रवारभर लड्या सावलीत वाळल्या आणि धाकटीने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

शनिवारी ताई विणलेल्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या. शेडमध्ये तुकड्यावर लडी ठेवली. ताईंनी होकारार्थी मान हलवली. मग दोघी अंगणात उन्हात गेल्या. ताईंनी डोळे बारीक केले. धाकटीलाही ते दिसलं होतं. नवा लाल अगदी केसभर उजळ होता. धुताना गोडं पाणी वापरलं होतं, त्याचा हा प्रताप.

"दिसतंय," ताई म्हणाल्या.

"दिसतंय," धाकटी म्हणाली. खोटं बोलून उपयोग नव्हता. समोरच्या बाईचं आयुष्य धागे बघण्यात गेलं होतं.

ताई तुकडा हातात घेऊन कडेवरून बोट फिरवत उभ्या राहिल्या. "मागावर आहे त्यातलं वीतभर उसवते," त्या शेवटी म्हणाल्या.

"काय?"

"वीतभर उसवायचं. मग एक धागा जुना, एक नवा, एक जुना, एक नवा. वीतभर असं विणत न्यायचं, पुढे सगळा नवा. जोड कुठे आहे ते मलासुद्धा सापडणार नाही."

"पण ताई, विणलेलं उसवायचं? दोन दिवसांचं काम आहे तुमचं."

"तू एका पिंपासाठी अठरा खेपा केल्यास म्हणे. काका अख्ख्या गल्लीला सांगत सुटलेत." ताईंनी लड्या पिशवीत भरायला घेतल्या. मग कोपऱ्यात झाकलेल्या लड्यांवरचं फडकं त्यांनी उचललं. बाबा 'अहो, अहो' करेपर्यंत गाजरी लडी त्यांच्या हातात होती. "हे काय आहे?"

"ते चुकलेलं," धाकटी घाईने म्हणाली. "गोड्या पाण्याचं."

"प्रत्येक वेळी असंच येईल का?"

"आता ह्या पाण्यात असंच येणार."

"मग पुढच्या महिन्यात ह्यातलं दहा किलो दे. उशांचे अभ्रे विणायचेत." आणि ताई निघूनही गेल्या. आभार मानायची संधी त्यांनी दिलीच नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आवाज थकलेला होता. "मग? काय ठरलं? कधी येताय?"

"आम्ही नाही येत," धाकटी म्हणाली. "तूच ये. दहा किलोचं काम आहे, एकटीच्या हातून व्हायचं नाही."

मग त्याने हळूच विचारलं, "पाणी कसं आहे गं तिथलं?"

तिने विहिरीकडे पाहिलं. "गोड आहे," ती म्हणाली. "सवय करून घ्यावी लागेल."