रोज खंडेनवमी

सिंहस्थ उरकला, साधू गेले आणि त्यांच्या जागी उज्जैनात डिश अँटेना आल्या. आमच्या फ्रीगंज वस्तीत जो तो काहीतरी नवं घेत होता. कुणी रंगीत टीव्ही, कुणी मिक्सर. शेजारच्या अलकाकाकूंनी तर घरात एकही माणूस व्यायाम करत नसताना व्यायामाची सायकल घेतली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातले. अशा दिवसांत माझ्या आईने शिवणाची मशीन घेतली, तीही इंग्रजांच्या काळातली.

ठेला दारात आला तेव्हा बाबा अंगणात दाढी करत होते. मशीन काळी कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेल, खाली लोखंडी जाळीचा पायटा. "बाबूजी, जरा हाथ लगाओ," ठेलेवाला म्हणाला. बाबांनी तोंडाला साबण असतानाच हात लावला.

"वा! काय चीज आहे," बाबा खूश झाले. "असं लोखंड आता कुठे मिळतं? कुणाकडची गं?"

"वसंतरावांकडची. त्यांच्या आईंची होती. ते इंदूरला फ्लॅटमध्ये चाललेत ना, तिथे जागा नाही म्हणाले."

बाबांनी मशीनवरचा हात काढून घेतला. साबण अर्ध्या गालावर तसाच वाळला.

वसंतरावांबद्दल इथे सांगायलाच हवं. लग्नाआधी आईला पाहायला सगळ्यांत पहिले आले ते वसंतराव. त्यांनी पोहे खाल्ले, पसंती कळवली, पण पत्रिका जुळली नाही. मग बाबा आले. बाबांची पत्रिका उंदरांनी खाल्ली होती, त्यामुळे ती जुळली. उज्जैनात मराठी घरं मोजकी. इथे प्रत्येकाने प्रत्येकीला कधी ना कधी पाहिलेलं असतं आणि तरी सगळे एकमेकांकडे गणपतीच्या आरतीला जातात. बाबाही जायचे. फक्त वसंतराव ज्या बाजूला उभे असतील, त्याच्या समोरच्या बाजूला उभे राहायचे, म्हणजे नजर ठेवता येते. वसंतरावांनी पुढे लग्न केलंच नाही. सगळं गाव म्हणे, कारण त्यांची आई. बाबा म्हणत, कारण माझी आई.

मशीन खिडकीपाशी बसली. अलकाकाकूंनी ब्लाउजसाठी भैरवगढ़ छापाचं कापड आणून दिलं. दिवाळीपर्यंत पाहिजेत म्हणाल्या. हे जमलं तर दारावर पाटीच लावायची, असं आईने ठरवलं. पाटीवरचा मजकूर तिला पाठ होता. दुपारभर घरात खटखट चालायची.

"ऐकलंस, सौमित्र?" बाबा मला म्हणाले. "कशी नाव घेतेय बघ."

"कोण?"

"मशीन. नीट ऐक. वसंत, वसंत, वसंत."

मी नीट ऐकलं. मला मालगाडी ऐकू आली. पण बाबांच्या संसाराचा प्रश्न होता, म्हणून मी मान डोलावली.

त्यात दर रविवारी वसंतराव स्वतः मशीन बघायला यायला लागले.

"वहिनी, ही जरा लाडावलेली आहे हं. पायटा दाबायच्या आधी चाक हाताने आपल्याकडे वळवायचं. नाहीतर रुसते."

"रुसते?" बाबांनी पेपरामागून विचारलं.

"म्हणजे दोरा गुंतवते हो, दत्तूभाऊ. आईशिवाय कुणाला दाद दिली नाही हिने. पण वहिनींचे पाय लागले आणि बघा, तीच लय!" असं म्हणून वसंतरावांनी डोळे मिटले. ते डोळे मिटणं बाबांच्या जिव्हारी लागलं. आईने पोहे आणले, तर बाबांनी दोन्ही बशा शेजारी ठेवून पाहिल्या आणि स्वयंपाकघरात गेले.

"त्याच्या पोह्यांवर शेव जास्त आहे."

"अहो, तुम्ही शेव बाजूला काढता ना?"

"मी काढतो हा वेगळा मुद्दा आहे."

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आईने मशीन, माझी सायकल आणि बाबांचा पेन यांची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, उदबत्ती. "आज हत्याराला काम सांगायचं नाही," ती म्हणाली. दिवसभर मशीन गप्प राहिली. बाबा दुपारी असे झोपले की त्यांना हलवून चहा द्यावा लागला. चहा पिताना ते मशीनकडे बघत हसले. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

बाबा जिल्हा कोर्टात रीडर, म्हणजे जज्जसाहेबांचे कारकून होते. खटला जिंकता येत नसेल तर निदान स्टे आणावा, एवढा कायदा त्यांना पक्का येत होता.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी आई उठून बघते, तर मशीनला पुन्हा हळदकुंकू, ताजी फुलं, आणि समोर बाबा सोवळं नेसून घंटा वाजवतायत.

"अहो, हे काय? खंडेनवमी झाली की!"

"देव काय एकच दिवस हत्यारात बसतो? बाकी वर्षभर सुट्टीवर असतो का?"

देवाधर्माच्या गोष्टीत आई अशीच अडकायची. पूजा केलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही. आणि पूजा तर बाबा रोज करायला लागले, दूधवाला यायच्या आत.

अलकाकाकू ब्लाउज मागायला आल्या. मशीनपुढे समई बघून त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले.

"नवसाला पावते का हो?"

"अनुभव घ्या," बाबा कोर्टातल्या आवाजात म्हणाले.

काकूंनी नारळ ठेवला. त्याच आठवड्यात त्यांच्या पुतण्याला गॅसचं कनेक्शन मिळालं. उज्जैनात तेव्हा याला चमत्कारच म्हणायचे. मग काय, कुणी टेलिफोनसाठी, कुणी मुलीच्या लग्नासाठी, रांगच लागली. एक गृहस्थ मशीनला प्रदक्षिणा घालायला मागत होते, म्हणून ती भिंतीपासून सरकवावी लागली. ब्लाउज शिवून मिळाले नाहीत, अशी तक्रार कुणीच केली नाही. कापड घडी घालून कोपऱ्यात पडलं. आई पाटीचं नाव काढेना. फक्त जेवताना तिचा पाय ताटाखाली आपोआप हलायचा, पायटा दाबल्यासारखा, एका लयीत. मी ते पाहिलं. बाबांनीही पाहिलं आणि बराच वेळ आमटीत बघत बसले. पण सकाळी उठून पूजा केलीच. रविवारी वसंतराव आले नव्हते. स्टे लागू पडला होता.

वसंतराव सामान बांधण्यात गुंतले होते म्हणून आले नव्हते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आणि ते एका सकाळी धावतच आले. बाबा उदबत्ती ओवाळत होते. वसंतराव दारातच थांबले, भरल्या डोळ्यांनी बघत राहिले आणि एकदम बाबांच्या पायावर पडले.

"दत्तूभाऊ! मी पोटचा पोरगा असून आईची मशीन विकली, आणि तुम्ही परके असून तिची रोज पूजा करता!"

"उठा, वसंतराव, उठा," बाबा घंटा सावरत म्हणाले. पाय सोडवून घेणं त्यांना जमत नव्हतं.

"मी चुकलो. मी हिला इंदूरला नेतो. जागा करतो. पलंग काढून टाकतो, खाली झोपतो."

बाबांचा चेहरा समईहून उजळला. मशीन इंदूरला, वसंतराव इंदूरला. इतका चांगला निकाल त्यांनी कोर्टातसुद्धा पाहिला नव्हता.

"न्या की! तुमच्याच आईची ती. सौमित्र, ठेला बोलाव."

ठेलेवाला तोच आला. "फिर से?" त्याने विचारलं आणि कपाळाला हात लावून मशीनच्या पाया पडला, कारण ऐकून तोही होता.

आतून सुयांची डबी आणून आईने वसंतरावांच्या हातात दिली. "यात बारीक सुया आहेत. जाड वेगळ्या ठेवल्यात." तिच्या आवाजाकडे बाबांनी लक्ष न दिल्यासारखं केलं.

वसंतराव पायट्यावरून हात फिरवत म्हणाले, "वहिनी, तुम्ही मन लहान करू नका. तुमचे पाय लागलेत हिला. मी रोज सकाळी या पायट्यावर डोकं टेकीन."

बाबांच्या हातातली घंटा टणकन वाजली.

"कशावर?" बाबा.

"पायट्यावर."

"माझ्या बायकोचे पाय लागलेल्या पायट्यावर तुम्ही डोकं टेकणार? रोज? इंदूरला?"

"श्रद्धेने हो, दत्तूभाऊ."

"सौमित्र, ठेला परत पाठव."

"अहो, पण दत्तूभाऊ, ही आता देवता आहे..."

"कसली देवता? शिवणाची मशीन आहे! दाखवतो." बाबांनी पंच्याने हळदकुंकू खसाखसा पुसलं, फुलं खिडकीबाहेर टाकली. "अगं, बस इथे. चालव."

आई घाबरली. "आजची पूजा झालीय हो. पाप लागेल."

"मला लागू दे. स्टे मी आणला होता, मीच उठवतो. बस!"

शिवायला काहीतरी हवं. भैरवगढ़चं कापड आत होतं, आणि आत जाईपर्यंत वसंतराव पायट्यापाशी एकटे राहिले असते. म्हणून बाबांनी खुंटीवरचा कोर्टात जायचा शर्ट ओढला आणि सुईखाली सरकवला. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे. मग हाताने चाक आपल्याकडे वळवलं आणि पाय सोडले.

इतके दिवस अडवलेली बाई. ती थांबलीच नाही. मशीन धडधडत निघाली, शर्ट एका बाजूने आत जात होता, दुसऱ्या बाजूने बाहेर येत होता, आणि आईचा चेहरा असा झाला होता की आम्ही कुणीच तिला टोकलं नाही.

वसंतरावांनी डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेवा," बाबा म्हणाले.

सुयांची डबी मशीनवर ठेवून वसंतराव रिकाम्या हाताने निघाले. पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायचं, ही रीत बाबांनी शत्रूच्या बाबतीतही कधी मोडली नाही. त्यांनी घाईने तोच शर्ट चढवला. डावा हात बाहेर आला. उजवा आलाच नाही. आईने ती बाही टोकाशी शिवून बंद केली होती, दुहेरी टीप घालून.

वसंतरावांनी फाटकाशी थांबवलेला टेम्पो टॉवर चौकाकडे निघाला. मागे बसलेल्या वसंतरावांनी हात हलवला. बाबांनी बंद बाही हलवली.

"तो मागे वळून बघतोय का रे?" त्यांनी दात आवळून विचारलं.

"हो."

"कुणाकडे? खिडकीकडे?"

"नाही. तुमच्या बाहीकडे."

बाबांनी बाही आणखी उंच धरली.

"बघू दे," ते म्हणाले. "माझ्या बायकोने शिवलीय."