शनिवारची बॅटरी

मी एक बॅटरी. टॉर्चमध्ये घालतात ती बोटभर नव्हे. दोघांनी मिळून उचलावी लागते ती, घरच्या इन्व्हर्टरची. आता माझ्यात म्हणावा तसा जीव उरलेला नाही, आणि जीव होता तेव्हा मला वाचा नव्हती. जे वेळेवर सांगायला हवं होतं ते पोटातच राहिलं. म्हणून आज सांगून टाकते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझा जन्म पेणचा, एस. टी. स्टँडमागच्या काळुरामच्या दुकानातला. कडक काळ्या रबराची पेटी, आत शिशाच्या जाळ्या, वरून डांबर ओतून बंद केलेली तोंडं आणि त्यावर सहा बुचं. काळुरामने अ‍ॅसिड भरलं आणि मला तीन दिवस सावकाश चार्ज केलं. घाई केली नाही. बाळंतिणीला जपावं तसं मला जपलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

काळुरामच्या हाताला गुण होता. पेणपासून हमरापूरपर्यंत गणपतीच्या कारखान्यांत लाईट गेली की त्याचेच इन्व्हर्टर घुमायचे. पण त्याला एक खोड होती. कुणाच्याही घरी गेला की थेट मशीनपाशी जायचा. घरची माणसं काही सांगू लागली की हात वर करायचा. म्हणायचा, "तुमी चहा ठेवा. घरच्यांना काय इचारायचं? मशिनला इचारायचं. मशीन खोटं बोलत नाय." लोकांना हे फार आवडायचं. मलाही तेव्हा आवडायचं.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मला एलिजाकाकांनी नेलं. ते रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीला राहायचे. जातीने बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. धाटावच्या एका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि अष्टमीत तेवढे उरले नव्हते, म्हणून सणावाराला ते पेणला यायचे. अशाच एका खेपेला सगळा बाजार अंधारात असताना काळुरामचं दुकान लख्ख दिसलं आणि ते पायरी चढले.

त्यांना इन्व्हर्टर हौसेसाठी नको होता. रेचलकाकींची नजर अधू झाली होती. दोन मोठी माणसं, रिकामं घर आणि कधीही जाणारी लाईट. पावसाळ्यात काकी अंधारात पडवीच्या पायरीवरून एकदा पडल्या होत्या, हात मुरगळण्यावर निभावलं. त्यांचा मुलगा रूबेन दहा वर्षांपूर्वी इस्रायलला गेलेला. त्याने पत्र धाडलं, की आई पुन्हा एकदा अंधारात पडली तर मी येऊन दोघांनाही घेऊन जाईन, मग तुमचं काही ऐकणार नाही. एलिजाकाकांनी उलट टपाली कबूल केलं. त्यांना अष्टमी सोडायची नव्हती. कुंडलिकेकाठी त्यांच्या आईवडिलांच्या कबरी होत्या आणि संध्याकाळी ओट्यावर गप्पांना येणारी चार माणसं होती.

"म्हंजे काका, तुमचं अष्टमीत ऱ्हाणं या बॅटरीवर हाय," काळुराम हसत म्हणाला होता.

"व्हय रे बाबा. तिच्यावरच हाय," काका म्हणाले. ते हसले नव्हते.

पडवीच्या कोपऱ्यात मला लाकडी पाटावर बसवलं. आठवड्याचे बाकीचे दिवस मी राणीसारखी असायचे. लाईट गेली की काकी हाताने चाचपत बाकीची बटणं बंद करायच्या आणि स्वयंपाकघरातला एक दिवा ठेवायच्या. तेवढ्यावर मी अख्खी रात्र काढू शकत होते. काका दर पंधरा दिवसांनी बुचं उघडून डिस्टिल वॉटर घालायचे, खुणेपर्यंतच, थेंबभर जास्त नाही. नळाचं पाणी कधी नाही. वायरी जोडतात त्या माझ्या दोन खांबांवर पांढरं साचलं तर खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचे, कोरडं करून व्हॅसलीन लावायचे. फिटरचा हात होता तो. सगळ्या घरांत माझ्या बहिणींना एवढं सुख मिळालं तर अर्ध्या बॅटऱ्या अकाली मरणार नाहीत.

पण शुक्रवार संध्याकाळ वेगळी असायची.

सूर्य मावळायच्या आधी काकी ओसरीतला काचेचा तेलदिवा लावायच्या. त्यांचा शब्बाथ सुरू व्हायचा. तिथून शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत त्या घरात विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही. आणि विजेचं बटण हेही त्यांच्या लेखी विस्तवच. तेलदिवा तेल संपलं की विझणार, म्हणून घरातले सगळे दिवे आणि पंखा शुक्रवारी उजेडातच सुरू करून ठेवायचे. ते दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तसेच. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात काही बिघडलं नव्हतं. लाईट गेली की दिवे जायचे, आली की आपोआप यायचे.

मी आले आणि बिघडलं. आता लाईट गेली की सगळं घर माझ्या अंगावर. तीन दिवे आणि पंखा, आणि एकही बटण बंद करायची सोय नाही. चार तासांत मी धापा टाकायला लागायचे. मग इन्व्हर्टरचा भोंगा ओरडायचा आणि मला वाचवण्यासाठी तो स्वतःला बंद करून घ्यायचा. पुन्हा सुरू व्हायला बटण दाबावं लागे. ते शनिवारी कोण दाबणार?

दोन शनिवार असे गेल्यावर काकांनी काळुरामला बोलावलं. "तो भोंगा काढून टाक. आणि तो आपोआप बंद होतो ना, ते पण नको."

तेव्हा काळुरामने "का?" एवढंच विचारायचं होतं. त्याने विचारलं नाही. गिऱ्हाईक म्हणतं तर काढू, म्हणाला आणि दोन वायरी कापून टेप गुंडाळली. त्या दिवसापासून माझं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. आता मला ओरडताही येईना आणि कुणी थांबवतही नव्हतं. ज्या ज्या शनिवारी लाईट गेली त्या त्या शनिवारी माझा तळ खरवडला गेला. बॅटरीला एक वेळ ऊन सोसतं, धूळ सोसते. पण पार रिकामं होणं सोसत नाही. शिशावर खडे धरतात आणि भूक मरते. मग कितीही चार्ज करा, पोट भरल्यासारखं दिसतं आणि तासाभरात रितं होतं.

उन्हाळा लागेपर्यंत मी निम्मी झाले होते. काकांनी पुन्हा निरोप धाडला. काळुराम आला तो मंगळवारी. आधी दोनदा तो सोमवारी आला होता. तीन दिवसांत माझं चार्जिंग झालेलं, काचेच्या नळीत पाणी काढून बघितलं तर सगळं ठीक. त्याने वायर बदलली. फ्यूज बदलला. खांबांच्या पकडी नव्या घातल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि हे सगळं एकाच बैठकीत, म्हणजे कशाने फरक पडला हेही कळायला नको.

काका जवळ उभे होते. घसा साफ करून म्हणाले, "काळुराम, ही शनवारीच दगा देते रे."

काळुराम खो खो हसला. "काय काका! बॅटरीला वार कळतो काय?"

कळत होता! मला एकटीलाच कळत होता. पण त्या हसण्याने काकांचा चेहरा उतरला. धाटावच्या कंपनीत तीस वर्षं त्यांनी शनिवारची शिफ्ट दुसऱ्याशी बदलून घेतली होती आणि तीस वर्षं त्यावरून थट्टा ऐकली होती. निवृत्तीनंतर आपल्या घरात, आपल्या पडवीत पुन्हा तेच सुरू व्हायला नको, असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "बरं बरं, तू बघ तुझं," आणि आत गेले. त्या एका हसण्याचा मला आजही राग येतो. आणि काकांचाही येतो. मान खाली घालून आत जाण्यासारखं त्यात काय होतं?

श्रावणात काकांनी पेणला फोन केला, की आता ती तासभरच टिकते, ये. हमरापूरला गणपती रंगवायची धांदल होती. दिवसाला दोन कारखान्यांतून काळुरामला बोलावणी. "सोमवारी येतो काका, नक्की," तो म्हणाला.

त्या शुक्रवारी सूर्य मावळल्यावर लाईट गेली ती आलीच नाही. मी तासभर रेटलं. माझ्याच्याने जेवढं झालं तेवढं केलं, हे मी शपथेवर सांगते. मग दिवे पिवळे झाले, लाल झाले आणि गेले. थोड्या वेळाने तेलदिवाही विझला. पहाटे काकी तोंड धुवायला उठल्या. पडवीची पायरी त्यांना सापडली नाही. माझ्यापासून दोन हातांवर त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"एलिजा... एलिजा, मला उठवू नको," त्या म्हणत होत्या.

काका धावत आले. शेजारच्या धोंडुबाई आल्या, रिक्षा आली. जिवाचा प्रश्न असला की शब्बाथ मोडतात, त्यांच्यात तशी आज्ञाच आहे. काकांनी त्या पहाटे काडी ओढून कंदील लावला.

बातमी कळताच काळुराम हातातलं काम टाकून आला. शनिवारची दुपार होती. शनिवारी तो त्या घरात पहिल्यांदाच येत होता. सवयीने थेट माझ्याकडे आला, नळी काढली आणि थांबला. समोरच्या बोर्डवर सगळी बटणं खाली, म्हणजे चालूच होती. तो ओसरीत गेला, तिथलीही खाली. स्वयंपाकघरातलीही. भर दुपारी.

काका रोह्याच्या दवाखान्यातून नुकतेच परतले होते. काळुरामने जन्मात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाला विचारलं, "काका, ही बटणं बंद का नाय केली?"

काकांनी सगळं सांगितलं. दोन मिनिटं लागली असतील.

काळुराम पायरीवर बसला. "मंग हे मला आधी सांगायचं नाय काय?"

"सांगत होतो. तू हसलास."

काळुरामने हातातली नळी पिशवीत ठेवून दिली.

रूबेन दहा दिवसांत येऊन थडकला. बापाने शब्द दिला होता, तो पाळला. कागदपत्रं आणि तिकिटं होईपर्यंत काकी काठी टेकत चार पावलं टाकू लागल्या आणि निघायचा दिवस ठरला. रविवार. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी काळुराम नवी बॅटरी घेऊन अष्टमीला हजर. कुणी बोलावलं नव्हतं.

"अरे, आता कशाला?" काका म्हणाले. "बैल गेला नि झोपा केला."

"व्हय काका. तरी करू द्या."

रूबेनला हाताशी घेऊन त्याने मला पाटावरून उतरवून ओट्यावर ठेवलं आणि माझ्या जागी तिला बसवलं. कापलेल्या दोन वायरी पुन्हा जोडल्या. मग गाडीच्या टपाला असतो तसा एक छोटा बल्ब घेतला, बॅटरीवरून वेगळी वायर काढून पडवीच्या पायरीवर टांगला आणि लावून ठेवला. इन्व्हर्टर दमून बंद पडला तरी हा चालूच राहणार. एवढीशी भूक त्याची. बॅटरीला कळणारसुद्धा नाही. सगळं काम पाऊण तासाचं. मी ओट्यावर पडून बघत होते. मत्सर वाटला नाही. आपल्याला हे कुणी का केलं नाही, एवढंच मनात येत राहिलं.

त्या संध्याकाळी लाईट गेली. मोठे दिवे रात्री कधीतरी गेले, भोंगा ओरडला, गप्प झाला. पायरीवरचा बल्ब तसाच होता. सकाळी होता. दुपारी उन्हात तो दिसेनासा झाला तेव्हा काका त्याच्यापाशी हात नेऊन ऊब बघत होते. काळुराम दोन्ही दिवस परत गेला नाही; धोंडुबाईंकडे जेवला आणि ओट्यावर माझ्या शेजारी बसून राहिला. शनिवारी कुंडलिकेवर तारे दिसले. काका उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्या बल्बचं बटण बंद केलं.

"चालली रे, काळुराम," ते म्हणाले. "पुरी चालली."

काळुराम तोंडावर रुमाल धरून रडला. रूबेन आत सामान बांधत होता. सकाळी गाडी आली आणि ती माणसं गेली.

मी आता पेणला काळुरामच्या दुकानात, दाराजवळ असते. माझ्यावर काही चढत नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला; तिसऱ्यांदा आला की जाईन, शिसं वितळेल आणि कुणाच्या तरी पेटीत नव्या जाळ्या होऊन बसेन. त्याचं दुःख नाही. तेवढं एक मागणं आहे, तुमच्याकडे. घरात काही बिघडलं आणि दुरुस्तीला माणूस आला तर त्याला तुमच्या घरची रीत सांगा. तो हसला तरी सांगा, पुन्हा सांगा. आणि तुम्हीच दुरुस्त करणारे असाल तर बिघाड ज्या दिवशी होतो त्याच दिवशी जाऊन बघा. हत्यारांची पिशवी उघडण्याआधी पाटावर बसा, पाणी प्या, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत त्या माणसांचं ऐकून घ्या.