फॅक्टरीतून परत आलेलं पिस्तूल

बायको, सुखदा, गेल्यापासून मोहनने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. शनिवारी क्लबला जायचं असलं की तो ग्लेन वेव्हर्लीहून ट्रेनने शहरात यायचा, तिथून दुसरी ट्रेन पकडून विल्यम्स लँडिंगला उतरायचा, आणि शंतनू त्याला स्टेशनवरून गाडीत घ्यायचा. शंतनूचं घर तिथून जवळ, ट्रुगानिनात. पुण्याला इंजिनिअरिंग करताना दोघे होस्टेलवर एका खोलीत राहिले होते, आणि पुढे मेलबर्नलाही मोहनच्या मागोमाग शंतनू आला होता. पिस्तूल शूटिंगचा नाद मात्र शंतनूचा. त्याने मोहनला क्लबात ओढलं, कोर्स करायला लावला, लायसन्स मिळवून दिलं. सुखदा तेव्हा हसायची. "ह्याला डास मारता येत नाही, हा कसली नेमबाजी करतोय!"

ती गेली ती हॉल्स गॅपच्या डोंगरांत फिरून परत येताना. दिवस मावळत होता, हायवेवर एकाएकी कांगारू आडवं आलं आणि मोहनने गाडी वळवली. अशा वेळी वळवायचं नसतं, ब्रेक दाबून सरळ जायचं, हे इथे प्रत्येकाला शिकवतात. मोहनलाही शिकवलं होतं. गाडी झाडावर गेली ती सुखदाच्या बाजूने. मोहनच्या फासळ्या मोडल्या, त्या जुळल्या. चौकशीत कुणाचाच दोष नाही असं ठरलं.

काही महिन्यांनी शंतनूनेच त्याला पुन्हा क्लबात आणलं. माणूस घरात कोंडून बसण्यापेक्षा चार लोकांत आलेला बरा, असं त्याला वाटलं. मोहन यायचा, क्लबचं पिस्तूल घेऊन शांतपणे निशाणा लावायचा, कॉफी प्यायचा आणि परत जायचा. क्लबातले सगळे म्हणायचे, ही इज डुइंग वेल. शंतनूलाही तसंच वाटत होतं.

त्या शनिवारी मोहन गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "आता स्वतःचं घ्यावं म्हणतोय. तुझ्या त्या ग्रेगच्या दुकानात जाऊ या का आज?"

शंतनूला आनंद झाला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मोहनने काहीतरी हवं म्हटलं होतं.

ग्रेगचं दुकान इंडस्ट्रियल एरियात होतं, टायरवाल्याच्या शेजारी, बाहेर पाटीसुद्धा नसलेलं. ग्रेग साठीचा, हळू बोलणारा माणूस. त्याने काउंटरवर कापड अंथरलं आणि त्यावर दोन पिस्तुलं ठेवली. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक सांगता आला नसता.

एक नवं होतं, पण फक्त दाखवायला ठेवलेलं. घ्यायचं तर ऑर्डर द्यायची, माल बाहेरून यायला चार-पाच महिने. दुसरं फॅक्टरी रिफर्बिश्ड. कुणीतरी ते कंपनीकडे परत पाठवलं होतं. कंपनीने उघडून बॅरल बदललं, स्प्रिंगा बदलल्या, चाचणी घेतली आणि पुन्हा डब्यात घालून विकायला पाठवलं. नव्याला आयुष्यभराची वॉरंटी, ह्याला एक वर्षाची.

"कुणी का परत पाठवलं होतं?" शंतनूने विचारलं. खरं म्हणजे हा प्रश्न मोहनने विचारायला हवा होता. मोहनचा सगळा जन्म क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलेला. साधा टोस्टर घ्यायचा तरी तो दोन आठवडे रिव्ह्यू वाचायचा. दुसऱ्याने परत केलेली वस्तू घरात आणायची नाही, हा त्याचा नियम होता. त्यावरून सुखदाशी त्याची भांडणं व्हायची.

"ते कंपनी सांगत नाही," ग्रेग म्हणाला. "पण मी स्वतः चालवून पाहिलंय. चांगलं आहे. मात्र तू मॅचेस खेळणार असशील, वर्षानुवर्षं वापरणार असशील, तर मी म्हणेन थांब आणि नवं घे."

"हे कधी मिळेल?" मोहनने रिफर्बिश्डकडे बोट दाखवून विचारलं.

"तुझं खरेदीचं परमिट आलं की त्या दिवशी."

"मग हेच."

ग्रेगने ते उचलून त्याच्यापुढे धरलं. "हातात धरून तर बघ, मेट. ग्रिप तुझ्या हाताला बसते का ते बघ."

"बसेल," मोहन म्हणाला. त्याने हात खिशातून काढले नाहीत.

शंतनूने मराठीत म्हटलं, "अरे, घाई काय आहे? थोडे पैसे वाचतात म्हणून घेऊ नकोस. नवं आलं की दहा-पंधरा वर्षं बघायला नको. तोवर क्लबचं आहेच की."

"दहा-पंधरा वर्षं काय करायचंय मला?"

तो हे चिडून म्हणाला असता तर शंतनूने सोडून दिलं असतं. पण मोहन अगदी सहज बोलला, दुकानात पिशवी हवी का विचारल्यावर नको म्हणावं तसं.

"ऑक्टोबरची मॅच आहे ना. तुझं नाव देतोय मी," शंतनू म्हणाला.

"माझं नको देऊस."

"मग इतक्या लवकर हवंय कशाला?"

मोहन काउंटरवरच्या कापडाकडे बघत राहिला. शंतनूने मोहनचा दंड धरला, ग्रेगला म्हणाला, "वुई विल थिंक अबाउट इट." ग्रेगने मोहनकडे बघितलं, मग शंतनूकडे, आणि दोन्ही पिस्तुलं आत नेऊन ठेवली.

गाडीत बसल्यावर शंतनूने किल्ली फिरवली नाही. समोर टायरवाल्याचा माणूस रबरी नळीने जमीन धूत होता.

"मोहन, एक विचारतो. खरं सांग. जिवाचं काही बरंवाईट करायचं ठरवलंयस का तू?"

"काहीतरीच काय."

"माझ्याकडे बघून सांग."

मोहनने मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाला, "कोणाला त्रास होऊ नये अशी सगळी व्यवस्था केलीय मी. घर उर्वीच्या नावावर होईल. पोरीचं लग्न झालंय, नोकरी आहे, सिडनीत तिचं बरं चाललंय. कोणाचं काही अडणार नाही."

"अरे, काय बोलतोयस तू!"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं." मग त्याचा आवाज बदलला. "तिला घरी आणायचं होतं मला, शंतनू. एवढंच काम होतं. रस्ता सरळ होता. मला माहीत होतं वळवायचं नसतं. सगळं माहीत होतं आणि माझ्या हातांनी वळवलं. तेच हात घेऊन मी रोज सकाळी दात घासतो."

शंतनूला रडू आलं. मोहनच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

"डॉक्टरकडे जाऊ. आत्ता."

"डॉक्टर काय करणार? झोपेच्या गोळ्या?" मोहन पहिल्यांदाच त्याच्याकडे वळला. "हे बघ, तू काही ऐकलं नाहीस. पिस्तूल नाही घेत मी, झालं? पण उर्वीला सांगायचं नाही. क्लबातही नाही. लायसन्स गेलं, पोलीस दारात आले, तर मी तोंड दाखवू शकणार नाही कुठे. तू सांगितलंस तर आपलं संपलं. होस्टेलपासूनचं सगळं संपलं."

"संपू दे," शंतनू म्हणाला.

त्याने गाडी थेट स्वतःच्या घरी नेली. दार उघडणाऱ्या चिन्मयीला त्याने डोळ्यांनी खुणावलं. लग्नाला इतकी वर्षं झालेली, तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तिने मोहनला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात भेंडीची परडी ठेवली आणि म्हणाली, "भावजी, एवढी पुसून द्या मला." मोहन खरोखरच एकेक भेंडी पुसू लागला. ती त्याच्या समोरून हलली नाही.

शंतनू मागच्या अंगणात गेला. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांकडे वाढदिवस होता, पंजाबी गाणी लागली होती. हातात फोन घेऊन तो उभा राहिला. एका मित्राला पोलिसांच्या कागदांवर चढवायचं, ते त्याच्या नावाला कायमचं चिकटणार. शिवाय मोहन म्हणालाच होता की घेत नाही म्हणून. पण मोहन होस्टेलवर परीक्षेच्या आधी असाच म्हणायचा, झोपतो म्हणून, आणि पहाटेपर्यंत पांघरुणाखाली टॉर्च लावून वाचत पडायचा.

त्याने आधी उर्वीला फोन लावला. ती सिडनीत केलीव्हिलला राहायची.

"काका? इज बाबा ओके?"

"तो इथे आहे, माझ्या घरी, सुखरूप आहे. पण तू आजच निघून ये बेटा." त्याने सगळं सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "ही टोल्ड मी ही वॉज फाइन. एव्हरी संडे, काका. दर रविवारी." आणि मग ती रडू लागली.

दुसरा फोन त्याने क्लबच्या सेक्रेटरीला केला. तिसरा पोलिसांच्या लायसन्सिंग विभागाला. तिथल्या बाईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही त्यांना एकटं सोडू नका, हॉस्पिटलला न्या.

इमर्जन्सीत त्यांना खूप वेळ बसावं लागलं. एका तरुण डॉक्टरणीने मोहनला आत नेलं. दारातून आत जाताना मोहनने मागे वळून पाहिलं. त्या नजरेत रागही नव्हता. ओळखच नव्हती.

त्याला दाखल करून घेतलं. लायसन्स काढून घेतलं गेलं. उर्वी आली, काही आठवडे ग्लेन वेव्हर्लीला राहिली, मग घर भाड्याने देऊन बाबाला सिडनीला घेऊन गेली. निघायच्या आधी शंतनू भेटायला गेला तेव्हा मोहन खोलीतून बाहेर आला नाही. शंतनूने पुढे फोन केले, मेसेज केले. एकाही मेसेजला उत्तर आलं नाही. क्लबात एकदोघे म्हणाले, यू डिड द राइट थिंग, मेट. शंतनू मान हलवायचा. हळूहळू त्याने जाणं बंद केलं आणि पुढे स्वतःचं पिस्तूलही ग्रेगकडे देऊन टाकलं.

सप्टेंबरात तो न कळवता सिडनीला गेला. चिन्मयीने नको म्हटलं होतं, दारातून हाकललं तर काय करशील म्हणाली होती.

दार मोहननेच उघडलं. बारीक झाला होता. गोळ्यांमुळे चेहरा थोडा सुजलेला, हातांना बारीक कंप. बराच वेळ तो जाळीच्या दाराआड उभा होता. मग त्याने कडी काढली.

चहा त्याने केला, फार गोड. दोघे डायनिंग टेबलाशी समोरासमोर बसले. उर्वी ऑफिसला गेली होती.

"मी तुझे आभार मानणार नाही," मोहन म्हणाला.

"नको मानूस."

"लोकांना वाटतं मी मानावेत. उर्वीला वाटतं. मला मनापासून तसं वाटत नाही अजून. खोटं कशाला बोलू?"

"नको बोलूस खोटं."

कप अर्धा झाल्यावर शंतनूने विचारलं, "अजून येतो विचार?"

"येतो." मोहनने हातांकडे पाहिलं. "आधी रोज यायचा. आता रोज येत नाही."

"आला की काय करतोस?"

"उर्वीला सांगतो. ती ऑफिसात असली तर तिकडे फोन करतो. तसं ठरलंय आमचं. ती मीटिंगमधून उठून येते बिचारी." तो थांबला. "काल केला होता."

शंतनूने टेबलावरून हात पुढे केला. मोहनने तो धरला नाही, पण स्वतःचा हातही मागे घेतला नाही. बाहेर कुणीतरी लॉन कापत होतं.

"परतीचं विमान कधी आहे तुझं?" मोहनने विचारलं.

"संध्याकाळी."

"मग जेवून जा. भाताचा कुकर लावतो मी," मोहन म्हणाला, आणि टेबलाला हात टेकून सावकाश उठला.