डावीकडचा आरसा

शशिकांतला "एवढंच करा" असं सांगून कधी भागलंय का! टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या घरात गाडी बाहेर उन्हात आणि गराजमध्ये ह्याचं टेबल. त्यावर भिंग, चिमटे, बारीक कानशी. वीतभर लांबीच्या मॉडेल गाड्यांचे तुटके, हरवलेले भाग तो हाताने नव्याने घडवायचा. बाजारात मिळत नाही ते आपण करायचं, ही त्याची ऐट. रिटायर झाल्यापासून तर विचारूच नका.

एका रविवारी मीनाक्षीवहिनी एक वीतभर पांढरी अँबॅसिडर घेऊन आल्या. गाडी त्यांच्या नवऱ्याची, गुरुनाथची; शशिकांतच्या तीस वर्षं जुन्या मित्राची. तो मार्चमध्ये गेला.

"भाऊजी, घर शिफ्ट करताना पुढचा बंपर तुटला. तेवढा कराल? घाई नाही हं."

'घाई नाही' त्याला चांगलंच टोचलं. ह्याच गाडीचा डावीकडचा आरसा हरवला तेव्हा गुरुनाथने त्याला किती वेळा फोन केला होता! "नेक्स्ट वीकेंडला नक्की, यार," असं म्हणत शशिकांतने आठ महिने घालवले. मग गुरुनाथचं आजारपण आलं आणि आरशाचं कुणी बोललंच नाही. त्याची लाज शशिकांतला अजून वाटायची.

ह्या वेळी तो त्याच दिवशी कामाला बसला. पितळेची पट्टी कापली, वाकवली, घासली, चकचकीत केली. मंगळवारी दुपारी बंपर असा बसला की तो स्वतःवरच खूश झाला. आणि मग त्याची नजर डावीकडच्या आरशावर गेली. अरे देवा! कुणीतरी पेपरक्लिप वाकवून डिंकाच्या गोळ्याने चिकटवली होती, आणि काच म्हणून औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी चकती.

"कुठल्या गाढवाचं काम हे!" त्याने चिमट्याने ते उपटलं आणि कचऱ्यात टाकलं. संध्याकाळपर्यंत नवा आरसा तयार. घे बाबा गुरुनाथ, उशिरा का होईना, झाला तुझा आरसा, असं तो मनात म्हणाला. डोळे भरून आले, आणि खूप दिवसांनी त्याला बरं वाटलं.

गुरुवारी तो गाडी घेऊन अर्विंगला वहिनींच्या नव्या अपार्टमेंटमध्ये गेला. त्यांनी बंपरचं तोंडभर कौतुक केलं. मग त्यांचं बोट डावीकडे थांबलं.

"इथला आधीचा कुठाय?"

"तो होय? काढला. फारच ओबडधोबड होता. केला कुणी?"

"ह्यांनी." वहिनींचा आवाज एकदम बारीक झाला. "केमो चालू होती. हात थरथरायचे, तीन दिवस लागले. म्हणायचे, शश्या पोट धरून हसेल, पण बघायला येईल तरी." त्यांनी वर पाहिलं. "जपून ठेवलाय ना तुम्ही?"

"बघतो," तो म्हणाला. कचऱ्याची गाडी बुधवारी सकाळीच येऊन गेली होती.

तरी घरी येऊन त्याने डबा उलटा केला, व्हॅक्यूमची पिशवी फाडली, गुडघ्यांवर रांगत सगळं गराज धुंडाळलं. काही नाही. मग पेपरक्लिप घेऊन बसला. पहिली नीटनेटकी वाकली, दुसरीही. मेला हात वाकडं करायलाच तयार नाही! तिसरी त्याने डाव्या हाताने वाकवली, चकती चिकटवली, आणि हुबेहूब तसाच आरसा झाला. वहिनींना कधीच कळलं नसतं. त्याला स्वतःची शिसारी आली, आणि तोही त्याने कचऱ्यात टाकला.

शनिवारी तो पुन्हा गेला. "वहिनी, मी टाकला तो. कचऱ्यात गेला. चुकलं माझं."

"असू दे, भाऊजी. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

शशिकांतने मान वर केली. गुरुनाथच्या फोटोशेजारी शेल्फवर अँबॅसिडर ठेवली होती. नवा बंपर लखलखत होता. गाडीची डावी बाजू तेवढी भिंतीला टेकवून ठेवली होती.